नर्सिंगचं तिसरं वर्ष चालू आहे : पुढचा कोर्स आधी की हात बसणं आधी? (ठाणे-नवी मुंबई)

कळवा_नाका | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पाचवं सेमिस्टर संपत आलंय. कॉलेज पनवेलच्या बाजूला. नाव देत नाही, तिला अजून दीड वर्ष तिथेच काढायचंय. घरात या क्षेत्रातलं कोणी नाही. मी घरी शिवणकाम करते, तिचे बाबा वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉपला आहेत. ती कळव्याहून ठाण्याला आणि तिथून ट्रान्सहार्बरने पनवेलला जाते. सकाळची पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलातली शिकाऊ ड्युटी, असली की पाचला घर सोडते. मी चारला उठून डबा करते, त्याचं मला काही वाटत नाही.

वाटलं ते परवा. रात्री भांडी घासून बाहेर आले, तर ही बाबांच्या दंडाला ओढणी आवळून बांधून कोपराच्या खाली बोटाने चाचपत बसलेली. म्हटलं काय चाललंय? तर म्हणाली, "शीर शोधतेय." आणि मग रडायलाच लागली. अडीच वर्षांत तिने एकाही पेशंटला सलाईनची सुई लावलेली नाही. वॉर्डात पंधरा-सोळा मुली एका बेडभोवती उभ्या राहतात, पुढच्या दोघींना दिसतं, बाकीच्या भिंतीला टेकून. केसबुकात, म्हणजे हाताने केलेल्या कामांच्या वहीत, मात्र सगळं भरलेलं आहे, कारण भरल्याशिवाय सही मिळत नाही.

कॉलेजात सगळे म्हणतात, लगेच एम.एस्सी. करा, टीचिंगला जा, नाईट ड्युटी नाही, काही नाही. कोणी म्हणतं आयसीयूचा एक वर्षाचा डिप्लोमा कर, कोणी म्हणतं जर्मनी. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पुढे कोणता कोर्स करावा? आणि जे आत्ता हाताने शिकायचं राहून गेलंय, ते पुढच्या कोर्समध्ये भरून निघतं का?

आयसीयू_ब्रदर | रविवार, रात्री ११:२५

ताई, आधी एक गैरसमज दूर करतो. बी.एस्सी. झाल्यावर "लगेच" एम.एस्सी. होतच नाही. नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन हवं आणि त्यानंतर किमान एक वर्ष कामाचा अनुभव हवा. बी.एस्सी.ला ५५ टक्के हवेत ते वेगळंच. त्यामुळे ते एक वर्ष कुठे काढायचं, हाच तिचा खरा पहिला प्रश्न आहे.

काही लोक ते वर्ष कागदावर काढतात. ओळखीच्या नर्सिंग होममधून अनुभवाचा दाखला आणतात. असं करू देऊ नका. मी बेलापूरच्या बाजूला एका खाजगी आयसीयूत सात वर्षं आहे. असे दाखले घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. हुशार असतात, बोलतात छान, आणि पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) खाली जायला लागलं की आधी मॉनिटरकडे बघतात, पेशंटकडे नाही.

माझं मत : किमान दोन वर्षं बेडसाइड, म्हणजे पेशंटजवळचं काम. मोठ्या हॉस्पिटलात, जिथे आयसीयू चालता आहे अशा ठिकाणी. कोर्स त्यानंतर.

उपवन | रविवार, रात्री ११:३१

बाबांचा दंड ठीक आहे ना? :) मुलीला शाबासकी सांगा.

निवृत्त_परिसेविका | सोमवार, सकाळी ६:१०

सकाळी उठल्या उठल्या हे वाचलं आणि चहा तसाच राहिला.

मी सरकारी नोकरीत ३३ वर्षं काढली, त्यातली अकरा लेबर रूमला. जनरल नर्सिंग केलं तेव्हा आमच्या ट्यूटर वॉर्डात आमच्या आधी हजर असत. त्यांचं शिकवणं कसं होतं ते एका उदाहरणाने सांगते. लेबर रूममधला माझा दुसरा दिवस. एक पहिलटकरीण कळा देत होती. बाईंनी माझा उजवा हात घेतला, तिच्या पोटावर बेंबीच्या वर सपाट ठेवला आणि म्हणाल्या, "घड्याळाकडे बघ, तोंडाने बोलू नकोस." दहा मिनिटं तशीच उभी होते. पोट हाताखाली कडक व्हायला लागतं, मग दगडासारखं होतं, मग सैल पडतं. दहा मिनिटांत किती कळा, एकेक किती सेकंदांची, ते मोजायचं आणि पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या तक्त्यावर, भरायचं. मी म्हटलं तीन. बाई म्हणाल्या, "चार. एक तुला कळली नाही, कारण तू बोटं दाबत होतीस. बोटांनी दाबायचं नसतं, तळवा ठेवायचा असतो." परत दहा मिनिटं. मागच्या वर्षी नातसून बाळंत झाली, तेव्हा हॉस्पिटलच्या खोलीत माझा हात आपोआप तसाच गेला.

हे पुस्तकात आहे, मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरही करता येतं. पण चौथी कळ का निसटली हे सांगायला शेजारी कोणीतरी उभं लागतं. तुझ्या मुलीचं जे राहिलंय ते एवढंच राहिलंय, बाळा. तिच्याजवळ उभं राहणारं माणूस. कोणता कोर्स हे नंतर विचार. ज्या कोर्सला बेडजवळ शिकवणारं माणूस असेल तो घे.

आणि सहाव्या सेमिस्टरला तिचं मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण, सुरू होईल. तिथे भिंतीला टेकून राहिली तर मी स्वतः पनवेलला येईन.

ट्यूटर_ताई | सोमवार, सकाळी ११:२०

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. मूळ पोस्टमधलं सगळं खरं आहे, पण आमचीही बाजू मांडते.

नियम चांगले आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत, कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल हवं, त्यातल्या ७५ टक्के खाटा भरलेल्या हव्यात, आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात एकाच वॉर्डात एकाच वेळी तीन कॉलेजांचे गणवेश दिसतात. आमचे निळे, त्यांचे गुलाबी, आणखी कोणाचे पांढरे. बेड तीस, विद्यार्थी पस्तीस. मी एकटी. त्यात एकीला घेऊन ड्रेसिंगला उभी राहिले की उरलेल्या नऊ माझ्या नजरेबाहेर.

खाजगी हॉस्पिटलात आणखी अडचण. पेशंट पैसे भरतो, नातेवाईक म्हणतात स्टुडंट नको. व्यवस्थापन म्हणतं फक्त निरीक्षण करा. मग मुली निरीक्षण करतात. चार वर्षं.

म्हणून मी माझ्या मुलींना एक सवय लावली आहे. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरना चिठ्ठी द्यायची : या पंधरा दिवसांत मला या तीन गोष्टी हाताने करायच्या आहेत. जास्त नाही, तीनच. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची निगा), इन्सुलिन, असं काहीही. इन्चार्जना रोज शंभर कामं असतात. "काही शिकवा ना" म्हणणाऱ्या मुलीला त्या काय देणार? पण "सिस्टर, रायल्स ट्यूब पडणार असेल तर मला हाक मारा" म्हटलं की लक्षात राहतं.

घोडबंदर | सोमवार, दुपारी १:०५

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. माझ्या वडिलांना मागच्या वर्षी ठाण्यात एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. वय ७८, हाताची कातडी कागदासारखी. एका संध्याकाळी दोन स्टुडंट मुली आल्या आणि चार वेळा टोचलं. दोन्ही हात काळेनिळे. शेजारी कोणी सीनियर नव्हतं. मी ओरडलो तेव्हा खरी स्टाफ आली. हात बसला पाहिजे हे मान्य, पण तो माझ्या वडिलांच्या हातावर का?

आयसीयू_ब्रदर | सोमवार, दुपारी २:४०

घोडबंदर, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. त्यात चूक त्या मुलींची कमी आणि त्यांना एकटं सोडणाऱ्याची जास्त.

आमच्या युनिटात नियम असा आहे. एका माणसाने जास्तीत जास्त दोनदा प्रयत्न करायचा, मग हात बदलायचा, म्हणजे दुसऱ्या माणसाला बोलवायचं. विद्यार्थ्याला वृद्ध पेशंट, लहान मूल, केमो झालेला पेशंट द्यायचा नाही. आणि पेशंटला आधी सांगायचं, "काका, ही शिकतेय, मी इथेच उभा आहे, चालेल का?" बहुतेक जण हो म्हणतात. कोपरखैरण्याचे एक रिक्षावाले काका होते, ते तर म्हणाले, "घे पोरी, माझी शीर दोरीसारखी आहे." जे नाही म्हणतात त्यांचा नकार मानायचा, तोंड वाकडं न करता.

खाडीकाठ | सोमवार, दुपारी ३:१५

मॅनिकिन कशासाठी असतात मग? आता म्हणे सिम्युलेशन लॅब, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायच्या खोल्या, सक्तीच्या आहेत. माणसावर हात शिकण्यापेक्षा रबरावर शिका ना आधी.

ट्यूटर_ताई | सोमवार, सायं. ५:५०

आधी रबरावरच. २०२१-२२ पासून सेमिस्टरचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात सिम्युलेशनवर भर आहे. मला ते मनापासून पटतं. सीपीआर, हात धुण्याच्या पायऱ्या, निर्जंतुक ग्लोव्ह घालणं, कॅथेटर टाकण्याचा क्रम, हे लॅबमध्ये शंभरदा करून घ्यावं. पण मॅनिकिनचा हात थरथरत नाही. तो "अहो दुखतंय" म्हणत नाही. त्याला घाम सुटत नाही. लॅबमध्ये हात तयार होतो, वॉर्डात नजर. दोन्ही हवं, आणि दुसरं पहिल्याच्या जागी चालत नाही.

अर्थात लॅबला कुलूप असेल आणि किल्ली प्राचार्यांच्या कपाटात असेल तर दोन्ही गेलं. असंही एक कॉलेज मी पाहिलं आहे.

शेवटचं_सेमिस्टर | सोमवार, रात्री ९:३०

मी चौथ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप चालू. आठव्या सेमिस्टरला २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे १,०५६ तास. अॅडल्ट हेल्थ सहा आठवडे आणि कम्युनिटी, चाइल्ड हेल्थ, मेंटल हेल्थ, मिडवायफरी प्रत्येकी चार. काकू, तुमच्या मुलीला सांगा की हा काळ येतोय आणि तो सगळ्यात मोठा आहे. जे अडीच वर्षांत नाही झालं ते इथे होऊ शकतं.

पण. माझे पहिले सहा आठवडे कसे गेले ते सांगते. सकाळी सातला हजर. फाइल घेऊन एक्स-रेला जा. सॅम्पल लॅबला दे. ब्लड बँकेतून पिशवी आण. चाळीस पेशंटचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घे. चार्टवर आकडे चढव. दुपारी तीनला घरी. स्टाफ कमी होता, म्हणून आम्ही स्टाफ झालो. स्टायपेंड शून्य. आम्हाला वाटायचं, आपण शिकायला आलोय की भरती झालोय? हे मी तक्रार म्हणूनच लिहितेय.

निवृत्त_परिसेविका | सोमवार, रात्री १०:०५

फाइली वाहायला लावणं चूकच. विद्यार्थी म्हणजे रिकामी जागा भरायचं साधन नव्हे. मी इन्चार्ज असताना यावरून वर भांडलेही आहे.

पण चाळीस बीपींना कमी लेखू नकोस, बेटा. चाळीस माणसांच्या मनगटाला हात लागतो. त्यातलं एक मनगट गार आणि चिकट लागतं, मशीन ११० दाखवत असलं तरी. ते मनगट ओळखता आलं तर पेशंट वाचतो. आकडा चार्टवर चढवून पुढे जाशील तर मजुरी. थांबून बघशील तर शिक्षण. फरक एवढाच की थांबायला वेळ मिळाला पाहिजे, आणि तो देणं हे वरच्यांचं काम.

शेवटचं_सेमिस्टर | सोमवार, रात्री १०:४८

हे पटलं. उद्यापासून बघते.

तुम्ही बोललात म्हणून माझी सगळ्यात चांगली पोस्टिंग सांगते. ठाण्याच्या मनोरुग्णालयातली. जायच्या आधी आम्ही सगळ्या घाबरलेलो. सिनेमात बघितलेलं डोक्यात. पहिल्या दिवशी मला एक मावशी असाइन झाल्या, पन्नाशीच्या. प्रोसेस रेकॉर्डिंग करायचं होतं, म्हणजे आपण काय बोललो, त्या काय बोलल्या, त्यांचा चेहरा कसा होता, आपल्या मनात काय आलं, सगळं रकान्यांत लिहायचं. दोन दिवस मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझी वही कोरी. मी रडकुंडीला. मॅडम म्हणाल्या, "शांततापण लिही. किती मिनिटं, कुठे बघत होत्या, हात कुठे होते." मी लिहिलं : नऊ मिनिटं, खिडकीकडे, हात पदराच्या टोकाशी. तिसऱ्या दिवशी मावशी स्वतःहून म्हणाल्या, "वेणी कोण घालतं तुझी?"

मी म्हटलं, आई.

मग त्यांनी त्यांच्या मुलीबद्दल सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

आता मला एम.एस्सी. मेंटल हेल्थमध्येच करायचंय. वर्गातले म्हणतात त्यात स्कोप नाही.

पारसिक | मंगळवार, सकाळी ८:२०

स्कोप कसा नाही? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णांचे हक्क लिहून दिले आहेत. भूल दिल्याशिवाय शॉक ट्रीटमेंट देता येत नाही. जुन्या पद्धतीची सवय असलेल्या जागी असे बदल रुजवायला शिकलेल्या नर्सच लागणार. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. माझे आजोबा तिथे कारकून होते, आमचं बालपण त्या आवारातल्या झाडांखाली गेलं. तेव्हा रिक्षावाले त्या रस्त्याला "वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणायचे. आता निदान "मेंटल" म्हणतात. आणखी पुढे जायला हवं.

उपवन | मंगळवार, सकाळी ८:५५

नावांवरून आठवलं. सरकारी पाटीवर "अधिपरिचारिका" वाचलं की मला वाटायचं ही सगळ्यात मोठी बाई असणार. मग "परिसेविका", "अधिसेविका". कोण कोणाच्या वर?

निवृत्त_परिसेविका | मंगळवार, सकाळी ९:३०

अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, परिसेविका म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, अधिसेविका म्हणजे मेट्रन. वॉर्डात यातलं एकही कोणी म्हणत नाही. पेशंट सगळ्यांना "सिस्टर" म्हणतो आणि पुरुष असला तर दोन दिवस गोंधळून तिसऱ्या दिवशी "ब्रदर". मला तर एक आजोबा महिनाभर "बाईसाहेब" म्हणत होते, बेडपॅन मागतानासुद्धा. :)

आयसीयू_ब्रदर | मंगळवार, सकाळी ११:१०

ब्रदरवरून एक दुखणं लिहितो. मिडवायफरीच्या पोस्टिंगला आम्हा मुलांना लेबर रूमच्या दारातच थांबवायचे. आमच्या वेळच्या अभ्यासक्रमात २० नॉर्मल डिलिव्हरी हाताने करायच्या होत्या. मला दोन मिळाल्या, त्याही रात्री तीन वाजता एका कनवाळू सिस्टरमुळे. त्यांनी त्या बाईला विचारलं, तिने हो म्हटलं. बाकीच्या अठरा वहीत. तेव्हा सगळ्यांनी भरल्या, मीही भरल्या. आज इतक्या वर्षांनी ते मनाला लागून आहे. माझ्या रजिस्ट्रेशनवर नर्स आणि मिडवाइफ दोन्ही लिहिलेलं आहे आणि दुसऱ्या शब्दाला मी लायक नाही. खोटी वही भरायला लावली की नुकसान पुढच्या पेशंटचं होतं. म्हणून मूळ धाग्यातलं केसबुकाचं वाक्य मला फार टोचलं.

क्रिटिकल_केअर | मंगळवार, रात्री ८:१५

मूळ प्रश्नाकडे येते. कोर्स कोणता?

मी बी.एस्सी.नंतर तीन वर्षं आयसीयूत काम केलं आणि मग नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर केलं. हाही एम.एस्सी.च आहे, दोन वर्षांचा, पण रेसिडेन्सी पद्धतीचा. वर्गात बसणं कमी, बराचसा वेळ आयसीयूत. यालाही आधी किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो. नेहमीचं एम.एस्सी. पाच शाखांत होतं : मेडिकल-सर्जिकल, प्रसूती-स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य. त्यातून पुढे शिकवण्याच्या वाटा जास्त. शिवाय एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत : क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी (कॅन्सर), निओनेटल (नवजात बाळं), ओटी (ऑपरेशन थिएटर), इमर्जन्सी वगैरे. ते जी.एन.एम. (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बी.एस्सी. दोघांनाही करता येतात. कॅन्सर नर्सिंगची ओढ असेल तर टाटा मेमोरियल डोळ्यासमोर ठेवा. त्यांचंच अॅक्ट्रेक खारघरला आहे, तुमच्या मुलीच्या रोजच्या वाटेपासून फार लांब नाही.

शिकवणं कसं असतं याचा माझाही एक प्रसंग. साठ किलोचा पेशंट, सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), बीपी पडलेलं. डॉक्टरांनी बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनालिन ०.१ माइक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट सांगितलं. सिरिंजमध्ये ५० मिलीत ८ मिलिग्रॅम. आमच्या मॅडमनी मोबाइल खिशात ठेवायला लावला. "तोंडी सांग, पंपावर किती?" आठ मिलिग्रॅम म्हणजे आठ हजार माइक्रोग्रॅम, भागिले पन्नास, एका मिलीत १६०. पेशंटला मिनिटाला सहा, तासाला ३६०. तीनशे साठ भागिले १६०, म्हणजे तासाला सव्वादोन मिली. मी बरोबर सांगितलं आणि खूश झाले. मॅडम म्हणाल्या, "आता सिरिंजमध्ये किती उरलंय ते बघ." चार मिली. म्हणजे दोन तासही नाहीत. दुसरी सिरिंज भरलेली नव्हती. बदलताना दोन मिनिटं औषध थांबलं असतं, तर याचं बीपी गेलं असतं. गणित मला येत होतं, पुढचे दोन तास दिसत नव्हते. त्या दिवसापासून नवी सिरिंज आधी भरते, लेबल लावते, मगच बाकीचं.

राहिलेलं पुढच्या कोर्समध्ये भरून निघतं का, तर हो, निघतं, पण मूळ गोष्टी हातात असल्या तर. रेसिडेन्सीत तुम्हाला कोणी व्हेन घ्यायला, म्हणजे शिरेत सुई लावायला, शिकवत बसत नाही, ती येते असं गृहीत धरतात.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ९:००

बाहेर जायचं असेल तर? माझा भाचा जर्मनच्या क्लासला जातो.

बर्मिंगहॅमकर_ऐरोलीची | मंगळवार, रात्री ११:५०

मी इथे सहा वर्षं आहे. जर्मनीला साधारण बी-टू पातळीची भाषा लागते. यूकेला इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावर लेखी, आणि शेवटी ओस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर हाताने करून दाखवायचं आणि करताना बोलायचं. पेशंटला नाव विचारलं का, हात धुतले का, अॅलर्जी विचारली का. लेखीत पहिल्या आलेल्या माझ्या मैत्रिणी इथे अडल्या, आणि ठाण्याच्या सरकारी वॉर्डात घासून निघालेली एक मुलगी पहिल्या झटक्यात सुटली. गल्फला जायलाही बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे कुठूनही गेलात तरी रस्ता बेडजवळूनच जातो.

शहापूर_उपकेंद्र | बुधवार, दुपारी १२:३०

सगळे हॉस्पिटलबद्दल बोलताहेत म्हणून लिहिते. मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यात. आमच्या वेळी बी.एस्सी.नंतर सहा महिन्यांचा वेगळा कोर्स करावा लागला, आता तो भाग बी.एस्सी.तच आणला आहे. ताई, तुमच्या मुलीला कम्युनिटीची पोस्टिंग "सुट्टी" समजू नको म्हणावं. बहुतेक मुली गावात येतात, फोटो काढतात, चार्ट चिकटवतात आणि बस पकडतात.

गेल्या पावसाळ्यात एक बाळंतीण घरीच झाली. आशाताईंचा फोन आला, मी पोचले तर रक्त थांबत नव्हतं. वार पडलेली होती. पोटावर हात ठेवला, गर्भाशय कणकेसारखं मऊ. चोळत राहिले, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, १०८ ला फोन आशाताईंनी केला. हाताखाली ते हळूहळू नारळासारखं कडक झालं. वर परिसेविका सिस्टरांनी तळव्याचं लिहिलंय ना, ते वाचून अंगावर काटा आला. मलाही तसंच एका सिस्टरने शिकवलं होतं, मुरबाडला. आणि ती सलाईनची शीर मला पहिल्याच प्रयत्नात मिळाली, कंदिलाच्या उजेडात. दुसरा प्रयत्न करायला वेळ नव्हता.

घोडबंदर | बुधवार, दुपारी १:१०

शहापूर, तुम्हाला नमस्कार. माझा सोमवारचा प्रश्न मागे घेत नाही, पण यापुढे कोणी शेजारी सीनियर घेऊन आलं आणि विचारलं, तर माझा हात पुढे करेन.

कळवा_नाका | पुढच्या महिन्यातला शनिवार, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, माफ करा. उत्तर द्यायला उशीर झाला. लग्नसराईचे ब्लाउज होते.

तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मुलीने दोनदा वाचलं. मग तिने आणि वर्गातल्या चौघींनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला. तक्रार नाही, मागणी. सोळाच्या गटाचे दोन गट करा आणि एकाला संध्याकाळची पोस्टिंग द्या, म्हणजे वॉर्डात गर्दी नसते. ट्यूटर_ताईंनी सांगितलेली तीन कामांची चिठ्ठीही सोबत जोडली. आधी नाही म्हणाले. मग एका मॅडमनी स्वतःहून संध्याकाळी थांबायची तयारी दाखवली, तेव्हा हो झालं. केसबुकात जे केलं नाही ते न भरण्याचंही पाच जणींनी ठरवलंय. सहीचं काय होतं ते बघू.

मागच्या मंगळवारी तिने पहिली व्हेन घेतली. एक तरुण मुलगा होता, डेंग्यूचा. मॅडमनी त्याला विचारलं, मॅडम शेजारी उभ्या. घरी येऊन मला पेन्सिल धरून दाखवत होती, "आई, सुई आत गेली की मागे छोटं रक्त दिसतं. तिथे घाई करायची नाही. सुई थोडी आडवी करायची आणि मग नळी पुढे सरकवायची." मी तिच्या बोटांकडे बघत होते. शिवणाच्या मशीनमध्ये दोरा ओवताना माझी होतात तशीच.

मिडवायफरी सुरू झाली आहे. तळवा ठेवते म्हणाली. परवा तीन मोजल्या, मॅडमनीही तीनच मोजल्या. मोठ्या सिस्टर, तुम्हाला पनवेलला यायची गरज नाही.

कोर्सचं असं ठरवलंय : पास झाल्यावर दोन वर्षं आयसीयू, मग नर्स प्रॅक्टिशनर. तिचे बाबा म्हणाले, फीचं दोन वर्षांत जमवू.

आता एक अडचण. संध्याकाळची पोस्टिंग आठला सुटते. पनवेलहून ठाणे, मग कळवा, घरी यायला दहा होतात. स्टेशनवरून घरापर्यंत मी न्यायला जाते, पण गाडीत तासभर एकटी असते. या वेळेला कळव्याकडे येणारं कोणी आहे का?

निवृत्त_परिसेविका | शनिवार, रात्री १०:००

तीन मोजल्या. छान. यायचं तर मला आहेच, पण आता पेढे घेऊन.

शेवटचं_सेमिस्टर | शनिवार, रात्री १०:२०

काकू, मी कळवा पूर्वेलाच राहते. माझी या महिन्यात संध्याकाळची ड्युटी आहे, नेरुळहून चढते, पुढून दुसरा लेडीज डबा. तिचा नंबर खाजगी निरोपात पाठवा, सोमवारपासून माझ्याशेजारी जागा धरून ठेवते.